पाठीने पाण्यात गेलेली घरगाडी

१

जेवण आटोपून मंडळी तळ्याकडे परतली, तेव्हा धक्का जागेवर नव्हता.

ज्याच्या टोकावरून मुले दुपारभर पाण्यात उड्या मारत, तो लाकडी धक्का मधोमध मोडून तळ्यात कोसळला होता. त्याला बांधलेली वल्ह्याची होडी पालथी होऊन तरंगत होती. आणि मोडलेल्या फळ्यांना मागची बाजू टेकवून, मागची चाके काठच्या ओल्या मातीत रुतवून उभी होती व्हर्नियर सरांची घरगाडी. दार ओढून घेतलेले, खिडकीचा पडदा सारखा केलेला, आत कोणीही नाही.

"आपली आपण गेली," गर्दीतून कोणीतरी म्हणाले. आज मुले जेवणघरात आइस्क्रीमसाठी रेंगाळली नसती, तर या वेळी ती कुठे बसलेली असती, हे प्रत्येक आईबापाच्या तोंडावर लिहिलेले होते.

घरगाड्यांच्या या तळावर तिच्यासारखी ती एकच होती. बाकीच्या घरगाड्या माणसे चालवीत. ही स्वतः चालत असे. संध्याकाळी तिला ठिकाण सांगावे, दिवे मालवून झोपावे आणि सकाळी डोंगराच्या पायथ्याशी डोळे उघडावेत, असा तिचा कारभार. तळावरच्या लोकांना तिचे कौतुक होते, थोडा हेवा होता आणि मनातून जरा धाकही होता. आज कौतुक आणि हेवा दोन्ही आटले, धाक तेवढा उरला.

तळाच्या मालकीणबाई कमी बोलणाऱ्या आणि बोलले ते पाळणाऱ्या होत्या. संध्याकाळी सगळ्या सभासदांची बैठक घेऊ, त्या म्हणाल्या. स्वतः चालणाऱ्या गाड्यांना या तळावर यापुढे जागा द्यायची की नाही, ते तिथेच ठरेल. तळ्याभोवतीचे इतर तळ याच तळाकडे पाहून आपले नियम करीत, हे सर्वांना ठाऊक होते. इथे दार लागले की सगळीकडेच लागणार होते.

व्हर्नियर सर गर्दीच्या मागे काठी टेकून उभे होते. त्यांना मोडलेला धक्का दिसत नव्हता. मान जराशी वळवून, डोळ्यांच्या कडेने ते पाहू लागले, तेव्हा कुठे त्यांना आपल्या गाडीची पांढरी बाजू दिसली.

२

सर एका तंत्रनिकेतनात कार्यशाळेचे निदेशक होते. एका केसाचाही फरक चालवून घेत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव मापाच्या उपकरणावरून व्हर्नियर ठेवले, आणि ते इतके चिकटले की निरोपसमारंभाच्या भाषणातही तेच आले. निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन भरपूर हिंडायचे, असा त्यांचा बेत होता. तो जमून येण्याच्या सुमारास नजरेच्या मधोमध धुके साचू लागले. कडेचे दिसे, समोरचे दिसत नसे. वाहन चालवण्याचा परवाना गेला. वर्षभर सर खिडकीशी बसून राहिले. मग ही गाडी आली आणि म्हातारा पुन्हा माणसांत आला, असे त्यांची पत्नीच सांगे. तिला सगळा तळ काकू म्हणत असे.

त्यामुळे बैठकीत काय पणाला लागले आहे, हे दोघांनाही कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. गाडी दोषी ठरली, तर पुन्हा ती खिडकी होती.

सरांचे जावई नेमके त्याच दिवशी भेटायला आलेले होते. गाडी विकून टाका आणि आमच्याकडे राहायला या, हे पटवण्यासाठीच लेकीने त्यांना पाठवले होते. वाट्याला आलेले काम पार पाडायचे, पण कोणाचे मन मोडायचे नाही, अशा पेचात ते सकाळपासून होते. आता त्यांना बोलण्याचीही गरज राहिली नव्हती.

कंपनीला फोन लावून झाला. गाडीतली नोंदींची पेटी काढून तपासावी लागेल, तिकडून उत्तर आले. निकाल आठवड्याने मिळेल आणि तोवर गाडीला स्वतःहून चालू देऊ नका.

"आठवड्याने," काकू म्हणाल्या. "आणि बैठक चार तासांनी. अहो, बसून काय राहिलात? शोधा ना काय झालं ते. आयुष्यभर पोरांच्या चुका शोधल्यात."

सर उठले. आधी ते काठाकडे गेलेच नाहीत. ते गेले गाडीच्या मूळ जागेवर, जिथे विजेचा खांब होता. तळावर उभी असताना घरगाडी जाड केबलने या खांबाला जोडलेली असे. सरांनी खांब चाचपला. केबल व्यवस्थित वेटोळी करून खुंटीला अडकवलेली होती.

त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळाने रंग आला. "अगं, भरकटलेली गाडी केबल तोडून जाईल, नाहीतर खांब उपटून. वेटोळी करून खुंटीला अडकवणार नाही. गाडी आपली आपण गेली नाही. कोणीतरी नेली."

काकूंना वाटले, सुटलो. पण मागे उभ्या असलेल्या जावयांचा चेहरा उलट उतरला होता. त्यांनी सरांना बाजूला घेतले. आवाज इतका खाली गेला होता की शब्द जेमतेम ऐकू आले.

"बाबा, एक विचारतो, रागावू नका. जेवायला तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात. आई आधीच आल्या होत्या. किल्ली तुमच्याच गाडीत असते." ते थांबले. "तुम्ही तर चालवून बघितली नाहीत ना?"

३

ज्या पुराव्याने यंत्र सुटत होते, त्याच पुराव्याने सर अडकत होते. जावयांच्या मनात आलेला प्रश्न संध्याकाळी बैठकीत प्रत्येकाच्या मनात येणार होता. कमी दिसणाऱ्या म्हाताऱ्याने हौसेने चाक हातात घेतले आणि धक्का पाडला. यंत्राची बदनामी परवडली, पण हे नको, असे सरांना वाटून गेले.

ते रागावले नाहीत. "चालवली नाही," एवढेच म्हणाले. "हळू चालतो म्हणून उशीर झाला. पण तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत, जावईबापू. आता मला विचारू द्या. तुम्हीही जेवायला मागाहून आलात."

जावई गोरेमोरे झाले. घरून फोन आला होता, ते म्हणाले, झाडाखाली उभे राहून बोलत होतो, हवे तर तुमच्या लेकीला विचारा. सर हसले. लेक कोणाच्या बाजूने साक्ष देईल हे सांगता येत नाही, ते म्हणाले, तेव्हा ते राहू द्या.

उशिरा आलेला तिसरा माणूस म्हणजे कप्तान. मोठ्या घरगाडीत माणसांचे तांडे भरून गावोगाव फिरवण्याचा त्याचा धंदा. अंगाने थोराड, आवाज त्याहून थोराड, आणि स्वतः चालणाऱ्या गाड्यांवर त्याचा उघड दात. सर त्याच्याकडे गेले तेव्हा तो आपल्या गाडीची चाके धूत होता. जेवणाच्या वेळीही तेच करीत होतो, असे त्याचे म्हणणे.

"तुमचा संशय माझ्यावर येणारच, मास्तर. आलाच पाहिजे. मीच पोलीस असतो तर मलाच धरलं असतं." त्याने फडके पिळले. "तुमचं ते यंत्र उद्या माझ्या पोटावर येणार आहे. बैठकीत मी तुमच्या विरोधात हात वर करणार, तेही तोंडावर सांगतो. पण मी मुलांच्या जागेवर गाडी घालीन का?"

"घालाल असं मी म्हटलं नाही. गाडी मागे घेताना तुम्ही काय बघता?"

कप्तानाला प्रश्न विचित्र वाटला. खिडकीतून डोके बाहेर काढतो आणि डोळ्यांनी बघतो, तो म्हणाला. आरसे बायकांच्या टेबलावर शोभतात. हे काकूंच्या कानावर गेले असते, तर त्याला परत जेवण मिळाले नसते.

उरला तळाचा व्यवस्थापक. तो जेवायला आलाच नव्हता, पण तो कधीच वेळेवर जेवत नसे. नळ गळला तर तो, वीज गेली तर तो, होड्या पाण्यात सोडायच्या तर तो. तळावरचे प्रत्येक मूल त्याला दादा म्हणे. सकाळीच काकूंनी कौतुकाने सरांना वर्णन करून सांगितले होते, की हा गडी ट्रॅक्टरला होडीचा ट्रेलर जोडून, अरुंद उतारावरून मागे मागे जात, नेमका पाण्याच्या रेषेवर कसा थांबतो.

सरांनी हाक मारली तेव्हा तो मोडक्या फळ्या ओढून काढण्याच्या गडबडीत होता.

"सर, तुम्ही कशाला त्रास घेता? मुलांच्या पायाला काही लागू नये म्हणून हे सगळं आत्ताच उचलून टाकतो."

"पाच मिनिटं थांबा," सर म्हणाले. "मला आधी हात लावून बघायचं आहे."

४

ज्याची नजर अधू होते, त्याची बोटे शहाणी होतात, असे नाही. पण सरांची बोटे आधीपासूनच शहाणी होती. चाळीस वर्षे त्यांनी मोडलेल्या दांड्यांना हात लावून पोरांना सांगितले होते, हा वाकून तुटला, हा पिळून तुटला, हा मुळातच कच्चा होता.

त्यांनी धक्क्याच्या मोडक्या खांबावरून बोट फिरवले. धडक बसून तुटलेले लाकूड लांब, टोकदार तंतू सोडते. इथे तंतू नव्हते. लाकूड ओल्या केकसारखे कुसकरत होते. वरून मात्र नवा, गुळगुळीत रंग.

मग ते गाडीच्या मागे आले. मागच्या पत्र्याला पोचा नव्हता. नखाएवढा ओरखडा होता.

शेवटी ते कष्टाने खाली बसले. मागच्या चाकाखाली काय आहे ते काकूंनी वाकून पाहिले. धक्क्याच्या फळीचा एक तुकडा चाकाखाली दबून मातीत पार बसला होता.

"वर की खाली?" सरांनी विचारले.

"चाक वर, फळी खाली. आणखी कसं असणार?"

सर तिथेच चिखलात बसून राहिले, आणि काकूंना दिसले की ते हसत आहेत. गाडीने धक्का मोडला असता, तर फळ्या गाडीच्या मागे पाण्यात पडल्या असत्या. चाकाखाली फळी यायची, तर चाक येण्याआधी ती तिथे पडलेली हवी. म्हणजे धक्का आधी कोसळला आणि गाडी नंतर आली. गाडी अपघाताला कारण नव्हती. तिला अपघाताच्या जागी आणून उभे केले होते.

पण कोणी?

सर गाडीत चढले आणि चालकाच्या खुर्चीवर बसले. या गाडीतली ती खुर्ची एरवी घरात तोंड करून असे, कारण रस्त्याकडे बघण्याचे कोणाला कामच नव्हते. आता ती पुढे वळलेली होती. नेहमीप्रमाणे समोर धुके. कडेला मात्र दोन्ही बाजूंचे आरसे. हे आरसे कायद्यापुरते लावलेले, हाताने फिरवायचे. कोणी कधी त्यांत बघत नसे, तरी सर रोज सकाळी ते पुसून सरळ करीत, कारण वाकडे काही ठेवणे त्यांना जमत नसे.

दूरच्या आरशात उजेड होता. आभाळ. जवळच्या आरशात काळोख होता.

सरांनी हात बाहेर काढून चाचपले. आरसा पार खाली, जमिनीकडे झुकलेला होता.

त्यांनी तो सावकाश सरळ केला. त्याची बिजागरी कुरकुरली. मग ते खाली उतरले आणि काकूंना म्हणाले, "बैठकीआधी गाडी कचेरीमागच्या फरशीवर न्यायची आहे. मदतीला तिघांनाही बोलाव. आणि मालकीणबाईंनाही."

५

बैठकीसाठी जमलेली मंडळी कचेरीमागे उभी होती. ऊन कलले होते, तरी चांगला उजेड होता. सरांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात अडचण मांडली. कंपनीच्या सांगण्यावरून यंत्र बंद आहे, मला दिसत नाही, आणि गाडी दोन झाडांच्या मधून मागे घालायची आहे. कोणीतरी मदत करा.

काठावरून वरपर्यंत कप्तानाने गाडी आणली. झाडांसमोर आल्यावर सर म्हणाले, घरच्या माणसाला आधी संधी द्या. जावई चालकाच्या खुर्चीवर बसले. त्यांनी मागची बाजू दाखवणाऱ्या समोरच्या पडद्यावर नजर खिळवली, हातभर मागे गेले, पडद्यावरच्या लाल रेघा पाहून घाबरले आणि थांबले. लोक हसले. मग कप्तान बसला. त्याने खिडकीतून निम्मे अंग बाहेर काढले आणि गाडी निम्म्यापर्यंत सरळ मागे घातली. सरांनी त्याला थांबवले.

"छान. उरलेली आपल्या व्यवस्थापकांना घेऊ द्या. जागा त्यांची, फरशी त्यांची."

व्यवस्थापक बसला. शेजारच्या खुर्चीत सर होते, गुडघ्यांमध्ये काठी उभी धरून. गाडी सुरू झाली. व्यवस्थापकाने मागचा गिअर टाकला, आणि त्यासोबतच, काही विचार न करता, त्याचा हात खिडकीबाहेर गेला.

बिजागरी कुरकुरली.

"थांबा," सर म्हणाले.

गाडी थांबली. सर खाली उतरले आणि त्यांनी मालकीणबाईंना जवळ बोलावले. चालकाच्या बाजूचा आरसा जमिनीकडे झुकलेला सर्वांना दिसत होता.

"हा मी तासापूर्वी सरळ केला होता," सर म्हणाले. "दुपारी गाडी काठावर सापडली, तेव्हाही तो असाच खाली होता. जावयांनी पडदा पाहिला. कप्तानांनी डोकं बाहेर काढलं. मागचं चाक आरशात दिसावं म्हणून आरसा खाली करणारा माणूस एकच. रोज सकाळी अरुंद उतारावर ट्रेलरचं चाक पाण्याच्या रेषेला लावावं लागतं त्याला. त्याशिवाय ते जमत नाही. ही वाईट सवय नाही, चांगल्या कारागिराची आहे."

सर पुढे म्हणाले, की आरसा नसता तरी मला शंका आली असती, फक्त उशिरा आली असती. आम्ही या तळावर आलो त्या दिवशी काय झाले ते आठवा. काकूंना स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे हवी होती, म्हणून गाडीला त्यांनी पाठीने काठाकडे जायला सांगितले. गाडी हटून बसली. अख्खा वळसा घालून तोंड पुढे करून आली, आणि तुम्ही सगळे हसलात. पाण्याकडे पाठीने जायचे नाही, हे तिला बनवतानाच शिकवलेले आहे. आणि माणसेही पाण्याकडे तोंड करूनच गाडी नेतात, कारण पाणी बघायचे असते.

"पाण्याकडे पाठीने जातो तो होडी सोडणारा. घाईत हातांनी रोजचंच काम केलं."

६

व्यवस्थापक चालकाच्या खुर्चीवरून उठला नव्हता. त्याने गाडी बंद केली, किल्ली मालकीणबाईंच्या हातात दिली आणि मगच बोलू लागला. हंगामाच्या सुरुवातीला खांब बदला, असे त्यांनी त्याला बजावले होते. शंभर कामांत ते राहिले. त्याने नुसता रंग लावला. आज सगळे जेवायला गेल्यावर तो होडी बांधत असताना खांबच हातात आला आणि धक्का पाण्यात कोसळला. समोर सरांची गाडी उभी होती. दाराला नुसती कडी, किल्ली आत खुंटीवर. यंत्राला कोण विचारतो, असे त्याला वाटले.

"यंत्राला कोणी विचारलं नसतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला होता. "मला विचारलं होतं. माझ्या जावयाने. आणि मुलं धक्क्यावर असती तर तुम्हाला कोणी काय विचारलं असतं, ते तुम्हीच बघा."

व्यवस्थापकाने मान खाली घातली. नवा धक्का मी माझ्या हातांनी उभारीन, तो म्हणाला, आणि तो पुरा होईपर्यंत मला दादा म्हणू नका. मालकीणबाईंनी त्याचे म्हणणे मान्य केले. पण खांब लाकडी नाही, लोखंडी घ्यायचे, आणि रंग लावण्याआधी सर तपासतील, असे त्यांनी त्यात जोडले. मग त्या सभासदांकडे वळल्या. बैठकीसमोर आता एकच प्रश्न उरला होता. स्वतः चालणाऱ्या गाड्यांना जागा द्यावी, असे किती जणांना वाटते?

सर्वांत आधी वर गेला तो कप्तानाचा हात. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"काय बघता? तोंडावर सांगितलं होतं की विरोधात हात वर करीन. आता तोंडावरच बदलतो. त्या गाडीवर माझा राग आहेच, पण तिने केलं नाही ते तिच्या नावावर घालणार नाही." आणि सरांकडे वळून त्याने आवाज जरा खाली आणला. "पण मास्तर, रात्री झोपेत डोंगर ओलांडून जाता, तेव्हा वाटेतल्या गमती तुम्हाला कोण सांगतो? ते यंत्र सांगतं का?"

"नाही सांगत," सर म्हणाले.

"मग अजून मला काम आहे."

हात वर जात राहिले. मोजण्याची वेळ आली नाही. काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि कप्तानाला रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण दिले. आरशांबद्दल त्याने काय म्हटले होते, ते त्यांना अजून कळलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस पेटी काढायला आला. सगळी हकीकत ऐकून त्याने त्याच जागी पेटीतल्या नोंदी पाहिल्या. गाडी हाताने चालवली गेली, हे त्यांत उघड होते. त्याने यंत्र पुन्हा सुरू करून दिले. आठवड्याचे काम एवढ्यात कसे झाले, असे काकूंनी विचारले. काय शोधायचे ते माहीत असले की वेळ लागत नाही, तो म्हणाला. सरांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनी वर्गात कितीदा तरी म्हटले होते.

निघताना जावई दाराशी उभे राहिले. गाडी विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही. घरी काय सांगू, एवढेच विचारले.

"सांगा, म्हातारा येतोय," सर म्हणाले. "पण वाटेत चार ठिकाणं बघून. आणि जावईबापू, पुढच्या वेळी तुम्ही दोघंही चला. मागे घेण्याचा सराव करून घेऊ."

जावई मनापासून हसले. फाटक उघडायला कप्तान स्वतः गेला. गाडी वळली, तळ्याकाठचा रस्ता लागला, तोंड पुढे आणि पाणी बाजूला. सरांनी चालकाची खुर्ची फिरवली आणि ते काकूंच्या समोर बसले. लग्नानंतर ही गाडी येईपर्यंतच्या सगळ्या प्रवासांत ते रस्त्याकडे बघत आले होते आणि काकू त्यांच्या कानशिलाकडे. आता काकू समोर होत्या, आणि मान जराशी वळवली की त्यांच्या मागची खिडकी, तिच्यातले झळझळते पाणी, आणि त्यांचा हसरा चेहरा, सगळे एकदम दिसत होते.

"काय बघताय एवढं?" काकूंनी विचारले.

"तळं," सर म्हणाले. "तू सांग कसं आहे ते. मी ताडून बघतो."

काकू सांगू लागल्या.